दिवस टाकणारी

रंजनाच्या बापानं तिला थोबाडीत मारली तेव्हा तिच्या हातात चहाचा ट्रे होता. सुमनबाईच्या बैठकीत, कॉम्प्युटरच्या समोर. कप फरशीवर फुटले आणि चहा बापाच्या धोतरावर उडाला.

खुर्चीवर नितीन बसला होता. नितीन म्हणजे सुमनबाईचा मुलगा, रंजनाचा नवरा. पुण्याहून रंजनाचं काम तपासायलाच आला होता. त्यानं पडदा सासऱ्याकडं वळवला आणि सांगितलं, मामाजी, तुम्हीच पाहा. एवढ्या महिन्यांचं काम यात असायला पाहिजे होतं. जी चार पानं आहेत ती आईनं केलेली आहेत. बाप शेतकरी माणूस, समुद्रपूरकडचा. त्याला पडद्यातलं काही कळत नव्हतं, पण कोरं ते कोरं, ते कोणालाही दिसतं.

"दिवसभर काय करत होती तू?" बापानं विचारलं.

"हेच, बाबा. रोज हेच करून राह्यली होती."

"मंग गेलं कुठी?"

"मले नाई माहीत."

तिथं थप्पड बसली. सुमनबाई सोफ्यावर बसली होती, हातात फूटपट्टी. ती म्हणाली, "मले नाही, रंजना. मला."

नितीन म्हणाला, मशीन खोटं बोलत नाही. बापानं सुमनबाईपुढं हात जोडले. "इहीनबाई, पोट्टी तुमची हाये. मारा नाई तं ठेवा. माह्या दारात पाठवू नका." आणि तो ओल्या धोतरानं एसटी गाठायला निघून गेला. रंजना खाली बसून काचा वेचू लागली. कोणी तिला उठ म्हटलं नाही.

मी दारात होते. माझं घर सुमनबाईच्या घराला लागून, मधे एक भिंत. वर्ध्याला लागून पिपरी मेघेत तेव्हा प्लॉट पडत होते, आम्ही दोघींनी बरोबरच घरं बांधली. पुढं आमचं किराणा दुकान, मागं आम्ही. मी चौथी शिकलेली. कॉम्प्युटरला मी आजपर्यंत हात लावला नाही. पुढं जे सांगते ते मला रंजनानं नंतर समजावून दिलं, भाकरी समजावून द्यावी तसं.

सुमनबाईला अख्खं वर्धा टायपिंगबाई म्हणायचं. नव्वदच्या सुमारास ज्याला सरकारी कचेरीत चिकटायचं होतं त्याला टायपिंगची परीक्षा द्यावीच लागे, आणि परीक्षा द्यायची तर टायपिंगबाईकडं जावंच लागे. स्टेशनच्या बाजूला एका माडीवर तिचा क्लास होता. सगळी यंत्रं एकदम चालली की रस्त्यावरचे ऑटोवाले म्हणत, वर पाऊस पडून राह्यला.

बाई उंच, काटक. कांजी केलेली सुती साडी. नवरा रेल्वेत होता, तो लवकर गेला, त्याच्याबद्दल ती कधी बोलली नाही. तिची एक खोड होती. समोरचा बोलत असला की तिची बोटं मांडीवर चालायची. तुमचं बोलणं ती टाईप करायची. तुम्ही काही अशुद्ध बोललात की बोटं थांबायची आणि ती तुमच्याकडं पाहायची. मग तुम्हीच अडखळायचे. मी कितीतरी वेळा अडखळले. एकदा मी तिला म्हटलं, सुमनबाई, मी चौथी शिकलेली, मले मलेच म्हणू दे. ती म्हणाली, "तुम्ही म्हणा, वहिनी. तुम्हाला कुठं नोकरी करायची आहे." तिचं बोलणं असं होतं. कापल्यावर रक्त नंतर दिसायचं.

ती स्वतः कारंज्याकडच्या एका खेड्यातली. आई शेतावर मजुरीला जायची. पण तिनं आपल्या तोंडातून ती भाषा पार धुऊन काढली होती. क्लासमध्ये सांगायची, मले-तुले करणाऱ्यानं मराठी टायपिंग शिकू नये, बोटातून तेच उतरतं.

क्लासमध्ये ती पोरांच्या हातांवर पत्र्याचं झाकण ठेवायची. हात आत, डोळे बाहेर. अक्षरं बघायची नाहीत. मारायची नाही. मागून यायची, पानावर नजर फिरवायची, चूक दिसली की यंत्रातलं पान ओढायची. कर्र असा आवाज व्हायचा. पान शेवटच्या ओळीवर आलेलं असलं तरी ओढायची. "चुकलं की टाका," म्हणायची. एखादा म्हणाला की बाई, एकच अक्षर आहे, खोडतो, तर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "खोडलेलं दिसतं. टाकलेलं दिसत नाही."

एक विधवा पोरगी यायची. तिचा नवरा नोकरीत असताना गेला होता, त्याच्या जागी तिला घेणार होते, पण टायपिंग पास झाली तर. तान्हं पोर आईजवळ ठेवून यायची. सुमनबाईनं तिची पानं सगळ्यात जास्त ओढली. पोरगी रडायची तर सुमनबाई म्हणायची, डोळे पुसून घे, पाण्यानं शाई पसरते. पोरगी पास झाली, नोकरीला लागली, पेढे घेऊन घरी आली आणि पाया पडली. सुमनबाईनं पेढा खाल्ला आणि म्हणाली, "खवा जळका आहे." पोरगी हसली. बाहेर मला म्हणाली, काकू, बाईनं छळलं म्हणून मी उभी राहिली. असं म्हणणारे वर्ध्यात पुष्कळ होते. म्हणून बाईला कोणी कधी काही बोललं नाही.

मग कॉम्प्युटर आले आणि टायपिंगचे क्लास ओस पडले. सुमनबाईनं यंत्रं भंगारात विकली, एक कॉम्प्युटर घेतला आणि बैठकीत बसवला. कॉलेजातल्या लोकांचे प्रबंध, कोर्टाचे कागद, लग्नाच्या पत्रिका, सगळं टाईप करून छापून द्यायची. मराठी टाईप करायचं सॉफ्टवेअर होतं, त्याचं एक बोटभर कुलूप कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागं खोचलेलं असे. ते कुलूप काढलं की मराठी बंद.

त्या डब्याची तिनं पोटच्या पोरापेक्षा जास्त काळजी केली. वर्ध्याचा मे महिना कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्या घरात एकच कूलर, आणि त्याचं तोंड डब्याकडं. डब्याला वाळ्याचा वास, माणसाला घाम. मी एकदा कूलरसमोर पाय केले तर म्हणाली, "वहिनी, सरका. त्याला हवा लागू द्या."

फक्त एका गोष्टीवर ती नाराज होती. कॉम्प्युटरवर चूक झाली की मागं जाऊन पुसता येते. तिला ते आवडायचं नाही. म्हणायची, यात ओढायला पान नाही.

ती सोय तिला मुलानं करून दिली.

झालं असं की गिऱ्हाइकांच्या फ्लॉप्यांमधून काहीतरी रोग आला आणि डबा बसला. नितीन तेव्हा पुण्यात कॉम्प्युटरच्याच नोकरीत लागला होता. त्यानं येऊन डब्यात नवीन विंडोज टाकलं. तर नव्यावर ते मराठीचं सॉफ्टवेअर चालेना. सुमनबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग त्यानं डब्यात एक नवीन सॉफ्टवेअर बसवलं आणि आईला बोलावलं. मीही होते, दह्याचं विरजण मागायला गेले होते. पडद्यावर एक लहान चौकट उघडली आणि त्या चौकटीत तिचा जुना कॉम्प्युटर सुरू झाला. तोच जुना सूर वाजला, तेच जुनं चित्र आलं, तेच मराठी.

"आई, तुझा जुना कॉम्प्युटर मी याच्या पोटात ठेवला," नितीन म्हणाला. "खरा नाही. पण त्याला वाटतं आपण खरेच आहोत."

डबा म्हातारा, आणि त्याच्या पोटात आणखी एक. त्याची पार दमछाक व्हायची. पंखा घरघरायचा. बोटं ओळ संपवून थांबलेली असायची आणि अक्षरं मागून एकेक करत पडद्यावर यायची, वरातीच्या मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांसारखी.

मग नितीननं आणखी एक गोष्ट दाखवली. आतला कॉम्प्युटर बंद करताना एक इंग्रजी पाटी यायची. त्या पाटीवर दोन गोष्टी. आजचं काम ठेवायचं, की टाकायचं. ठेवलं तर राहिलं. टाकलं तर आतला कॉम्प्युटर सकाळी जसा होता तसाच होणार, जणू आजचा दिवस झालाच नाही. वाटलं तर त्याला आणखी मागच्या एखाद्या दिवशीही नेता यायचं. पुन्हा रोग शिरला तर बरं, म्हणून त्यानं ही सोय केली होती.

"अख्खा दिवस?" सुमनबाईनं विचारलं.

"अख्खा दिवस."

तिची बोटं मांडीवर चालत होती, ती थांबली. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

नितीनचं लग्न त्याच्यानंतर झालं. रंजना बारावी झालेली, सावळी, हातापायानं मजबूत. तिला नितीननं पसंत केलं नव्हतं, सुमनबाईनं केलं होतं. मुलगी बघायला गेली तेव्हा बाईनं तिची बोटं पाहिली, लांब आहेत की नाही. कारण बाईची स्वतःची बोटं तोवर सांध्यात वाकडी व्हायला लागली होती. नितीन आठ दिवसांत पुण्याला परत गेला. रंजना इथंच. पुण्यात खोली लहान आहे, असं कारण सांगितलं.

पहिल्याच दिवशी रंजना म्हणाली, आई, मले पाणी कुठं हाये दाखवा. बाई म्हणाली, मला. रंजनाला वाटलं, बाईंना पाणी पाहिजे. तिनं पेला भरून आणून दिला. आळीत सगळ्या हसल्या यावर. सुमनबाई हसली नाही.

तिनं रंजनाला टायपिंग शिकवलं. तेच पत्र्याचं झाकण माळ्यावरून काढलं. शिकवण्यात तिची बरोबरी नव्हती हे मी मान्य करते. वर्षाच्या आत रंजनाचा हात असा बसला की भिंतीच्या अलीकडं मला ती कुठं थांबते ते ऐकू येत नसे. मग एका कॉलेजच्या सरांचा प्रबंध आला, सेवाग्रामकडच्या खेड्यांवर काहीतरी, भलामोठा. सरांना घाई नव्हती, तो प्रबंध वर्षानुवर्षं चालला होता. सुमनबाई सुनेला म्हणाली, हा एकटीनं पुरा कर, बिनचूक. ज्या दिवशी पुरा होईल त्या दिवशी तुझं पुण्याचं तिकीट काढते. पुण्यात रिकाम्या हाताची बायको परवडत नाही.

रंजनानं त्याच दिवशी पिशवी भरून खाटेखाली ठेवली. नवी साडी, दोन पोलकी, माहेरची पितळी डबी. मला दाखवली.

आणि ती बसली. सकाळचं काम उरकून बसायची ती दिवेलागणीपर्यंत. पेनड्राइव्ह आतल्या कॉम्प्युटरला दिसत नव्हता, आणि छापायचं ते सगळं पुरं झाल्यावर, असं बाईनं सांगितलं होतं. त्यामुळं होतं ते सगळं आतच. दिवे लागले की सुमनबाई म्हणायची, ऊठ, देवापाशी दिवा लाव, बंद मी करते. बंद करायचा हक्क तिनं कोणाला दिला नाही. म्हणायची, नीट बंद केलं नाही तर जीव जाईल त्याचा.

दुसऱ्या दिवशी रंजना उघडायची तर काल केलेलं नसायचं.

रोज नाही. रोज झालं असतं तर मूर्खालाही कळलं असतं. चार दिवस राहायचं, दोन दिवस जायचं. तिकडं पत्रिका, कोर्टाचे कागद, गिऱ्हाइकाचं तातडीचं काम त्याच दिवशी छापून निघायचं, ते कधी गेलं नाही. जायचा तो प्रबंधच. पुढं सरकायचा आणि एका रात्रीत पार मागं यायचा. रंजना घाबरून विचारायची तर बाई म्हणायची, "डबा म्हातारा आहे. आणि तू काय दाबतेस ते तुलाच माहीत." रंजनाला वाटायचं आपलंच चुकतंय. तिनं शनिवार धरले. तीच तीच पानं तिनं इतक्या वेळा केली की ती तिला पाठ झाली. भांडी घासताना प्रबंध म्हणायची, आम्ही आरती म्हणतो तसा. कोणत्या गावात किती विहिरी, कुठं चरखे चालतात.

मला एक गोष्ट आजही लख्ख आठवते. त्या घरात दिवेलागणीनंतर केर काढायची बंदी होती. रंजनानं एकदा चुकून दिवा लावल्यावर झाडू घेतला तर बाईनं फूटपट्टी आपटली. "दिवे लागल्यावर घरातलं काही बाहेर टाकायचं नसतं. लक्ष्मी जाते." असं सांगून ती खुर्चीवर बसली आणि डबा बंद करू लागली.

संक्रांतीचं हळदीकुंकू तिच्याकडं होतं. आळीतल्या बायका जमल्या. बाई विधवा, वाण रंजनानं द्यायचं. एकीनं विचारलं, सुनेकडं काही गोड बातमी? सुमनबाईनं डब्याकडं बोट दाखवलं. "आमच्याकडं पोटात काही असलं तर त्याच्या आहे. लोकांच्या सुनांना दिवस जातात. हिचे नुसते दिवस जातात." बायका हसल्या. बोलणं होतंच तसं, हसू यावं असं. नवरा पुण्यात आणि ही पिपरीत, दिवस कुठून जाणार, हे कोणी म्हटलं नाही. रंजना तिळगूळ वाटत राहिली.

प्रबंध संपेना. नितीन फोनवर विचारायचा तर आई सांगायची, बसून राहते रे, काही करत नाही, तू येऊन मशीन बघ. तो आला, बापाला बोलावलं, आणि मी सुरुवातीला सांगितलं ते झालं. नितीन त्याच दिवशी परत गेला. रंजनानं काचा वेचल्या, फरशी पुसली, खाटेखालची पिशवी काढून तिच्यातले कपडे पुन्हा दांडीवर टाकले. पितळी डबी स्वयंपाकघरात गेली, तिच्यात हळद भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यंत्राचा आवाज भिंतीतून आला. जाणार कुठं होती?

त्याच हिवाळ्यात एके दिवशी दिवे लागायच्या वेळेला मी वाटीभर वांग्याची भाजी घेऊन गेले. सुमनबाई खुर्चीखाली पडली होती. तोंड वाकडं, एक हात अंगाखाली. रंजना तिच्या पलीकडं उभी होती आणि पडद्याकडं पाहत होती.

"मेली का?" मी विचारलं.

"नाई. श्वास चालू हाये."

"मंग उभी काऊन आहे?"

"काकू, हे वाचून राह्यली."

पडद्यावर ती पाटी होती. सुमनबाई ती दाबता दाबता पडली होती. रंजनानं ती पाटी पहिल्यांदा पाहिली. तिला फार इंग्रजी येत नव्हतं, पण डिलीट म्हणजे काय ते कळायला कॉलेज लागत नाही, ती कळ रोज तिच्या बोटाखाली होती. त्या ओळीपुढं टिंब आधीच लागलेलं होतं.

तिनं बोट लावून ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "माहे सारे दिवस." आवाज चढवला नाही. खाली पडलेल्या सासूला ओलांडून ती खुर्चीवर बसली, ते टिंब दुसऱ्या ओळीपुढं नेलं आणि दाबलं. डबा म्हातारा. पडद्यावर वाळूचं घड्याळ फिरत राहिलं. खालून घशातून आवाज येत होता. ती चौकट पूर्ण बंद होईपर्यंत रंजना बसून होती. बंद झाली तेव्हा उठली आणि मला म्हणाली, "आता धरा, काकू. तुम्ही पायाकडून धरा."

ऑटोतून सेवाग्रामला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कधी पडल्या? रंजना म्हणाली, आत्ताच.

उजवी बाजू गेली आणि जीभ गेली. डोकं शाबूत होतं, सगळं कळत होतं, पण तोंडातून आ-आ एवढंच निघायचं. नितीन येऊन गेला. जाताना रंजनाला म्हणाला, तू आहेस म्हणून मला आईची चिंता नाही. रंजनानं त्याला विचारलं, ती पाटी रोज येते, ठेवायचं का टाकायचं, तुम्हाले माहीत होतं? तो म्हणाला, मीच बसवली ना. मग त्या दिवशी बाबासमोर काऊन नाही बोलले? तो बूट शोधायला लागला. बूट समोरच होते. गाडीची वेळ झाली म्हणाला.

तिनं सासूची सेवा चोख केली, हे मी कोणासमोरही सांगीन. वेळेवर खाऊ घालायची, कूस बदलून द्यायची, पाठीला एक फोड येऊ दिला नाही. कूलरचं तोंड म्हातारीकडं फिरवलं. प्रबंध पुरा केला. गिऱ्हाईक सांभाळलं. पुण्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. बाप एकदा आंब्याची करंडी घेऊन आला. त्याला खरं काय ते कळलं होतं. रंजनानं करंडी ठेवून घेतली आणि चहा विचारला नाही.

आणि मग तिनं सुमनबाईला पुन्हा डब्यासमोर बसवायला सुरुवात केली. खुर्चीच्या पाठीला जुन्या लुगड्यानं बांधायची, म्हणजे कलंडू नये. म्हणायची, आई, बोलता येत नाही तर लिहा. डावा हात आहे की.

म्हातारीचे डोळे असे काही चमकले की मलाही बरं वाटलं.

डाव्या हाताचं एक बोट. एक कळ शोधायला तिला केवढा वेळ लागायचा. जिच्या हाताखालून अर्धं वर्धा नोकरीला लागलं ती बाई म शोधत बसायची. दिवसभरात एखादी ओळ व्हायची. मराठी मला वाचता येतं. मी जाऊन पाहिलं. लिहिलं होतं, नितीन मले घेऊन जा.

दिवे लागले. रंजनानं देवापाशी दिवा लावला, खुर्चीमागं येऊन उभी राहिली, आणि बंद करायला घेतलं. पाटी आली.

"ठेवू का टाकू, आई?"

म्हातारीनं मान हलवली, ठेव ठेव म्हणून. आ-आ करत होती. रंजनानं भिंतीवरची फूटपट्टी काढली आणि तिचं टोक पडद्यावरच्या त्या ओळीवर ठेवलं.

"मले नाही, आई. मला. चूक आहे." आणि दाबलं. "उद्या बसवते पुन्हा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवलं. पुन्हा मले आलं. आयुष्यभर घासून काढलेली भाषा, ती त्या एका बोटातून परत उतरत होती. रंजना सांगायची की काना उजव्या हाताखाली येतो आणि मात्रा डाव्या, त्यामुळं डाव्या हाताला मात्राच सापडत असेल. असेल तसं. मला वाटतं ती तिच्या आईची बोली होती. माणसाच्या गळ्याशी आलं की ते कोणत्या भाषेत ओरडतं हे ठरलेलं असतं.

मी रंजनाला म्हटलं, बस कर आता. मरायला टेकलेली बाई आहे.

ती पोळ्या लाटत होती. "काकू, मी तिले उपाशी ठेवलं?"

"नाही."

"हात उगारला?"

"नाही."

"मंग? ती लिहिते ते मी रोज वाचतो तं खरी. माह्यं तं कोणी वाचत बी नव्हतं."



पुढच्या वर्षी होळीच्या आधी एका संध्याकाळी मी गेले तर म्हातारी घामानं भिजलेली, मान एका बाजूला, पण डोळे पडद्यावर. तिथं लिहिलेलं होतं, नितीन, मला पुण्याला घेऊन जा. स्वल्पविराम होता. शेवटी पूर्णविरामाचं टिंबही होतं. रंजना मागून आली आणि वाचायला लागली. फूटपट्टी लावून एकेक अक्षर वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिला चूक पाहिजे होती, हे मला दिसत होतं. चूक नव्हती.

"बिनचूक आहे, आई," ती म्हणाली.

म्हातारीच्या घशातून काहीतरी आवाज आला. हसण्यासारखा.

मग रंजना खाली वाकली, तिच्या कानाजवळ, आणि अगदी शुद्ध बोलली, क्लासमध्ये बोलतात तसं. "माझंही बिनचूक होतं."

आणि टाकलं.

त्याच्यानंतर सुमनबाई खुर्चीवर बसायला तयार होईना. अंग सैल सोडायची. मी शेवटची पाहिली तेव्हा ती खाटेवर होती, कूलरच्या हवेत, कांजीची चादर, केस विंचरलेले. मी काहीबाही बोलत होते, भाव, पाणी, दुकान. तिचं डावं बोट चादरीवर चालत होतं. मी मले म्हटलं. बोट थांबलं नाही.

उन्हाळा संपायच्या आत ती गेली. नितीन अग्नी द्यायला आला. दिवस झाल्यावर तो डब्यासमोर बसला आणि आतला कॉम्प्युटर उघडला. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की आई शेवटी रोज काहीतरी लिहीत होती. त्यानं सगळीकडं शोधलं.

"काहीच नाही यात," तो म्हणाला.

"रोज बसायच्या," रंजना म्हणाली. "तुम्हीच पाहा."

त्यानं पाहिलं. मग बंद केलं आणि पुण्याला गेला. तिकडं त्यानं दुसरी केली म्हणतात. डबा पुढं भंगारवाल्यानं नेला, कुलपासकट. रंजना त्याच बैठकीत नव्या कॉम्प्युटरवर काम करते. चुकलेलं पुसते आणि पुढं जाते. लोक तिला म्हणतात, सासूनं घडवलं हो तुला. ती हो म्हणते.

त्या घरात दोन बायका होत्या. रंजना जगली.